तिरकी पट्टी

"ऊठ गो," केळुसकर सर माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "पावणेदोन वाजले. तुझं एक ठीक आहे, पण आतल्याला कळते का ड्यूटी?"

मी हेडफोनचा एक कान बाजूला सरकवला. "दोन मिनिटं, सर. एक उतरणारं आहे हातात."

"दोन मिनिटं दोन मिनिटं करत काल चक्कर आली. पोटुशी बाई उपाशी बसलीय आणि मी मागे उभा राहून घड्याळ बघतोय, हे आमच्या आईने पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. ऊठ म्हणतो ना!"

ही आमची रडारची खोली. कुठल्या शहरातला विमानतळ ते विचारू नका. त्यातली माणसं अजून आहेत, त्यांची मुलंबाळं आहेत. मोठं शहर होतं आणि दर तीन-चार मिनिटांनी एक विमान उतरायचं नाहीतर उडायचं, एवढं पुरे. बाहेर जानेवारीचं धुरकट ऊन असायचं आणि आत भरदुपारी अंधार. खिडकी नाही. पडद्याचा हिरवा उजेड, एसीची घरघर, आणि कानात कुठून कुठून आलेल्या माणसांचे संथ आवाज. पडद्यावर उजेडाची एक रेघ गोल फिरायची, आठ-दहा सेकंदांत एक फेरा, आणि जिथे विमान असेल तिथे एक ठिपका उजळवून पुढे जायची. पाचव्या महिन्यात मला तशीही सारखी झापड यायची. झोप नव्हे, जागेपणीच जमिनीपासून चार बोटं वर तरंगल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वाटायचं, मी आणि माझ्या आतलं ते, दोघंही एकाच अंधारात बसून कसली तरी हळूहळू वाट बघतोय.

त्या खोलीतली मी पहिली बाई. केळुसकर सरांनी मला शिकवलं, त्यांनीच भांडून त्या खुर्चीवर बसवलं. आमचे मोठे साहेब सबनीस. ते माझ्यासमोर सरांना म्हणाले होते, "केळुसकर, तुमच्या शब्दाखातर घेतोय. एक चूक होऊ दे, पुन्हा या खोलीत बाई दिसणार नाही. ही नाही आणि दुसरी कोणीही नाही." म्हणजे मी चुकले तर माझ्याबरोबर माझ्या मागून येणाऱ्या सगळ्या जणी चुकणार. ती खुर्ची मला हवी होती. नवऱ्यापेक्षा जास्त हवी होती असं आमच्या सासूबाई म्हणायच्या, आणि अगदीच खोटं म्हणत नव्हत्या.

आता दोनच गोष्टी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे, बोटभर रुंद, प्लास्टिकच्या खाचेत बसवलेली. बाकीचे तिला स्ट्रिप म्हणत, सर पट्टी म्हणत, म्हणून मीही. तिच्यावर त्या विमानाला दिलेली उंची लिहायची. नवी उंची दिली की जुना आकडा खोडून नवा घालायचा. त्या काळी आमच्या पडद्यावर नुसता ठिपका दिसे. विमान कुठे आहे ते कळे, किती उंचावर आहे ते कळत नसे. उंची असायची ती त्या कागदावर, आणि आमच्या डोक्यात. माझी एक सवय होती. वैमानिकाला सांगून झालंय पण लिहायचं राहिलंय, असं असलं की ती पट्टी मी खाचेत जरा तिरकी करून ठेवायची. लिहून झालं की सरळ. सरांना ते मुळीच खपत नसे. देव्हाऱ्यात टाक मांडावेत तशा त्यांच्या पट्ट्या. "वाकडं काही बघवत नाही गो मला," असं म्हणत जाता येता कुणाच्याही टेबलावरचं काहीही सरळ करत जायचे. बोटाला सवयच लागली होती त्यांच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पाच मिनिटांचा नियम. खुर्ची बदलताना येणाऱ्याने पाच मिनिटं मागे गुपचूप उभं राहून ऐकायचं. मग बसलेल्याने एकेका पट्टीवर बोट ठेवून सांगायचं, आणि मगच उठायचं. नियम सरांनीच घातलेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता, आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते.

त्या दिवशी ते पाच मिनिटं उभे राहिले नाहीत. एक मिनिटही नाही.

ते यायच्या जेमतेम अर्धं मिनिट आधी मी त्या उतरणाऱ्या विमानाला सांगितलं होतं, दहा हजार फुटांवरून आठ हजारांवर या. वैमानिकाने ते परत म्हणून दाखवलं. मी पट्टी तिरकी केली, पेन्सिल उचलली, आणि मागून आवाज आला, ऊठ गो.

मी बोट ठेवून सांगायला लागले, "हे धावपट्टीला टेकलंच समजा. हे अजून लांब आहे..."

"दिसतंय मला, डोळे आहेत. डब्यात काय आणलंयस?"

"मटकीची उसळ."

"मग ती गार होतेय. पळ."

आणि मी उठले. काय सांगू, भूकच तशी लागली होती. उसळ म्हटल्याबरोबर तोंडाला पाणी सुटलं आणि पेन्सिल कुठे ठेवली तेही मला आठवत नाही.

खोलीला लागून आमची चहाची जागा होती. तिथे खिडकी होती. अंधारातून तिथे आलं की ऊन एकदम अंगावर यायचं, डोळे मिटायचे, आणि उघडले की धावपट्टी धुरक्यात कुठेतरी लांब, जमिनीला टेकलेली नसल्यासारखी दिसायची. मी डबा उघडला. पहिला घास घेतला. काय सुख होतं ते! दुसरा घास हातात धरून बाहेर बघत बसले. एक विमान उडालं. आवाज नंतर आला. धुरक्यातून ते वर येत होतं, अगदी सावकाश, कुणीतरी दोरीने ओढून घेतल्यासारखं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला काहीही वाटत नव्हतं, इतकं बरं वाटत होतं. वर गेल्यावर ते वळायला लागलं. एक पंख खाली आला, एक वर गेला. उन्हात चमकला. विमान तिरकं झालं.

तिरकं.

घास हातातच राहिला. मी ती पट्टी सांगितली नव्हती.

मी धावले म्हणजे कशी धावले ते मला ठाऊक नाही. पोटाला हात लावून, उष्ट्या हाताने दार ढकलून त्या अंधारात शिरले, आणि डोळ्यांना काही दिसेचना. नुसता काळोख. मग हळूहळू हिरवा पडदा वर आला, सरांची पाठ आली, आणि त्यांच्या पुढ्यातल्या पट्ट्या. सगळ्या सरळ. एका रेषेत.

"सर, ती तिरकी होती!"

दुसरं कोणी असतं तर 'काय?' म्हणालं असतं. सरांनी मान वळवली, माझा चेहरा पाहिला, आणि एकच शब्द विचारला.

"किती?"

"आठ."

काही मिनिटांपूर्वी उडालेल्या एका विमानाला त्यांनी नऊ हजारांपर्यंत चढायला सांगितलं होतं. उतरणाऱ्याच्या पट्टीवर दहा लिहिलं होतं ना; दहाच्या खाली नऊ, मध्ये हजार फूट, सगळं नियमाप्रमाणे. पण उतरणारं दहावर नव्हतंच. ते आठाकडे निघालं होतं, आणि हे नवाकडे. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोर होते. आमच्या पडद्यावर करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं त्यांच्यात.

सरांनी माईक दाबला. आवाज जरासुद्धा चढला नाही. देवळात पोथी वाचतात तसा. चढणाऱ्याला सांगितलं, चढणं थांबवा, ताबडतोब उजवीकडे वळा. उतरणाऱ्याला सांगितलं, उतरणं थांबवा, ताबडतोब उजवीकडे वळा, समोर विमान आहे. मग बोट माईकवरून काढलं.

उजेडाची रेघ फिरत आली आणि दोन ठिपक्यांच्या जागी एकच उजळला.

यापुढे आपल्याला काही करता येत नाही. रेघ पुढे निघून जाते आणि फेरा पुरा करून येईपर्यंत आठ-दहा सेकंद कुणालाही काही कळत नाही. इतकी वर्षं झाली, मी त्या सेकंदांत अजूनही जाऊन येते. एसी घरघरत होता. माझ्या बोटांना मटकी चिकटली होती. मी पाण्याखाली असावं तसं सगळं मंद झालं होतं, आणि त्या मंदपणात मला वाटलं, दोन्हींत मिळून दोनशे-सव्वादोनशे माणसं असतील, कुणी पेंगत असेल, कुणी चहाचा कप धरून बसलं असेल, आणि त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नाही. देवा, त्यांना कळू नये. काही व्हायचंच असेल तर कळण्याआधी व्हावं. मी असला विचार केला. आई होणाऱ्या बाईने असा विचार केला, याची मला नंतर फार लाज वाटली.

रेघ आली. दोन ठिपके. एकमेकांना पाठ करून चाललेले.

टेबलावरच्या स्पीकरवरही तेच बोलणं ऐकू यायचं. त्यातून एका वैमानिकाचा आवाज आला, अगदी सावकाश, झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. "आत्ता आमच्या डाव्या बाजूने एक विमान गेलं. मला त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या."

सर म्हणाले, "समजलं. तुम्ही ठीक आहात?"

"आहोत," तो म्हणाला. "आहोत."

सरांनी दुसऱ्याला बोलावून खुर्ची दिली. पाच मिनिटं त्याच्या मागे उभे राहिले, एकेक पट्टी सांगितली, मग हेडफोन टेबलावर ठेवला आणि बोटाने तो सरळ करायला गेले. बोट अर्ध्यावर थांबलं. तसेच उठले आणि सबनीस साहेबांच्या केबिनकडे निघाले. दारात माझ्याकडे वळून म्हणाले, "डबा संपव."

चौकशी तीन दिवसांनी झाली. बाहेरून आलेले दोन अधिकारी, सबनीस साहेब, सर आणि मी. टेप लावली. टेपवर माझा आवाज स्वच्छ होता, आठ हजारांवर या. पट्टी पाकिटातून काढून टेबलावर ठेवली होती. तिच्यावर दहा. माझ्या आवाजाच्या आणि त्या कागदाच्या मध्ये जे घडलं ते कुठल्याच टेपवर नव्हतं; टेपवर फक्त वैमानिकांशी झालेलं बोलणं येतं. ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सबनीस साहेब माझ्या पोटाकडे बघत होते, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला वाचता येत होतं.

"खुर्ची बदलताना तुम्हाला आठ हजार सांगितलं गेलं होतं?" अधिकाऱ्याने सरांना विचारलं.

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "माझ्याकडून राहिलं. पाच मिनिटंही मी उभा राहिलो नाही. नियम माझाच, मीच मोडला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"घैसासबाई, असंच झालं? तुम्ही त्यांना सांगितलं होतंत?"

एवढंच विचारलं हो त्यांनी. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मला खुर्ची दिसत होती. सबनीस साहेबांचा चेहरा दिसत होता. माझ्या मागून येणाऱ्या, अजून कॉलेजात असलेल्या कुठल्या कुठल्या मुली दिसत होत्या, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं म्हणजे खुर्चीच दिसत होती.

"हो," मी म्हटलं.

सरांना रडारवरून काढलं. शेवटचे चार महिने त्यांनी तळमजल्यावर जुन्या टेपांची खोकी लावली. आमच्याकडे एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी शेवटचा तास खुर्चीवर बसवायचं, आणि आकाशात जे जे कोणी असतील ते वैमानिक त्याला दोन शब्द बोलायचे. इतक्या वर्षांत ज्यांची तोंडं पाहिली नाहीत त्यांचे निरोप. सर त्या तासाबद्दल वर्षभर आधीपासून बोलत होते. कोण काय बोलेल, कुणाचा आवाज ते कसा ओळखतील. त्यांना तो तास मिळाला नाही. एका शुक्रवारी छत्री आणि डबा घेऊन ते निघून गेले. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. मुलगी झाली. सरांच्या गावाहून, वेंगुर्ल्याहून, एक पार्सल आलं, त्यात कोकमाच्या आगळाची बाटली आणि एक चिठ्ठी: जेवण वेळेवर. मी उत्तर लिहायला बसले, आणि उठले. मग एकतीस वर्षं गेली. कशी गेली? मलाही कळत नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. त्याच खोलीतून, मोठ्या साहेबांच्या जागेवरून. पडदे आता रंगीत आहेत, विमानाशेजारी त्याची उंची आपोआप दिसते, पट्ट्या गेल्या. खोलीत सात बायका आहेत. शेवटचा तास मला मिळाला. अकरा वैमानिक बोलले. एक तर गाणंच म्हणाला दोन ओळी. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने.

पुढच्या आठवड्यात मी वेंगुर्ल्याला गेले.

सर नव्वदीला टेकलेले. पडवीत खुर्चीत बसले होते, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. माडांमधून ऊन हलत होतं, आणि कुठेतरी समुद्र होता, दिसत नव्हता पण होता. समोरच्या स्टुलावर पाण्याचं भांडं, चष्म्याचं घर, वर्तमानपत्र, सगळं एका रेषेत. फक्त गोळ्यांची डबी तिरकी. त्यांची सून मला खुर्ची देताना म्हणाली, "तेवढ्या डबीला हात लावू नका हां. तिरकी म्हणजे गोळी घ्यायची राहिलीय. घेतली की तेच सरळ करतात. कित्येक वर्षांची पद्धत आहे त्यांची, कुणाकडून शिकले देव जाणे."

"कोण आलंय?" सरांनी विचारलं.

"मृदुला, सर. मृदुला घैसास."

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. मग म्हणाले, "जेवलीस?"

सून आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरून एकदम म्हटलं, "सर, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आठ हजार. मी सांगितलंच नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही खोटं का बोललात? माझ्यासाठी?"

"खोटं?" ते सरसावून बसले. तोच जुना आवाज आला, शिकवतानाचा. "मी एकतीस वर्षांत त्या टेबलावर खोटं बोललो नाही. मला त्याने काय विचारलं? सांगितलं गेलं होतं का. पट्टी तिरकी होती ना गो? मग ती काय करत होती? सांगतच होती. ओरडून सांगत होती. मी तिचं ऐकण्याऐवजी तिला सरळ केलं. वाकडं बघवत नाही म्हणून! तिरकं दिसलं तर आधी विचारावं, का तिरकं आहे. तेवढं मी विचारलं नाही. मग चूक कुणाची?"

माड हलत होते. माझ्या छातीवरून काहीतरी उतरू लागलं होतं. एकतीस वर्षांचं. मला ते उतरू द्यायचं होतं.

"म्हणजे मी 'हो' म्हटलं तेही..."

"तुला तेव्हा हे ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नाही, सर."

"हं," ते म्हणाले. रागाने नाही. "मग ते तुझं तुझ्याकडे."

ऊन पायरीवरून खाली उतरलं. वरून, खूप उंचावरून, एक विमान गेलं. त्याचा आवाज उशिरा आला आणि उशिरापर्यंत राहिला. सरांनी मान वर केली, एवढं लांबचं दिसणार नसतानाही. मग त्यांचे डोळे जडावले.

"मृदुला," ते पेंगत म्हणाले, "ती डबी तेवढी सरळ कर. वाकडं बघवत नाही."

मी हात पुढे केला. बोट डबीला लागलंही होतं. तिथेच थांबले.

"सर, गोळी घेतलीत?"

त्यांनी डोळे उघडले. आठवायला त्यांना वेळ लागला.

"नाही गो," ते म्हणाले. "राहिलीच."

मी पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं.